मोठ्या अलॉय चाकांवर (मिश्रधातूच्या रिमवर) टायरमध्ये हवा किती ठेवायची?

या चर्चेत वर कुणीतरी "16 इंची अलॉय टाकलेत ना, मग सरळ 40 भरा" असा सल्ला दिलाय (हवेचे सगळे आकडे पीएसआयमध्ये, म्हणजे हवेच्या दाबाच्या एककात). कृपया तसं करू नका. टायरच्या बाजूला कोरलेला 44 किंवा 51 हा आकडा म्हणजे कमाल मर्यादा, रोजची हवा नव्हे.

सुरुवात ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरपासून करा, त्यावर कंपनीने सांगितलेली हवा असते. समजा मूळ टायरचा साइज 185/65 आर15 आहे (शेवटचा 15 म्हणजे रिमचे इंच), लोड इंडेक्स म्हणजे वजन पेलण्याचा क्रमांक 88, म्हणजे एका टायरवर 560 किलो. त्याजागी 195/55 आर16 बसवलात तर बाहेरचा व्यास जवळपास तोच, साधारण 621 मिमी. पण इंडेक्स 87 असेल तर क्षमता 545 किलो. वजन पेलते ती आतली हवा, त्यामुळे स्टिकरवर 33 असेल तर 34-35 ठेवा. कमी ठेवलीत तर बुटक्या साइडवॉलमुळे (टायरच्या बाजूच्या भिंतीमुळे) खड्ड्यात रिमच वाकते.

मी खडूने तपासतो. ट्रेडवर, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर, आडवी जाड रेघ ओढायची आणि सपाट रस्त्यावर शंभरेक मीटर सरळ जायचं. 38 वर माझी रेघ फक्त मधे पुसली, दोन्ही कडांना पांढरी तशीच, म्हणजे हवा जास्त. 35 वर सारखी पुसली गेली.

आणि हवा सकाळी, टायर थंड असतानाच बघा. एक्सप्रेसवेवरून लोणावळ्यात उतरून 38-39 दिसली म्हणून काढू नका हो, दुसऱ्या दिवशी तोच टायर कमी हवेवर धावेल.