मदत हवी आहे : जर्मन बुफेत सासूबाईंना आणि मुलाला काय वाढावे?

नमस्कार मंडळी. आम्ही म्युनिकला राहतो. येत्या रविवारी माझ्या पतींच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आम्हा सर्वांना बव्हेरियन (इथल्या प्रांताच्या पद्धतीच्या) बुफेला बोलावले असून, नागपूरहून आलेल्या सासूबाई आणि सात वर्षांचा मुलगा सोबत असतील. सासूबाई अंडेही खात नाहीत. मुलाला एका पदार्थाचा रस दुसऱ्याला लागला, तरी घास उतरत नाही.

मागे एकदा बटाट्याचे सॅलड शाकाहारी समजून मी सासूबाईंना वाढले. दोन घास झाल्यावर वाटीच्या तळाशी साचलेले पिवळसर पाणी दिसले, म्हणून चौकशी केली, तर त्यात मांसाचे सूप घातलेले निघाले. त्यांनी एक शब्दही न बोलता चमचा खाली ठेवला. मला आजही त्याची खंत आहे. लाल कोबीत बहुधा चरबी, साउअरक्राउटमध्ये (आंबवलेल्या कोबीत) बेकन आणि श्पेट्सलेत (इथल्या जाड शेवयांसारख्या पदार्थात) अंडे असते, हे नंतर कळले. इथे खाद्यपदार्थांसाठी दिल्या जाणाऱ्या ॲलर्जीच्या 14 घटकांच्या सूचीवरून अंडे, दूध, गहू समजतात. मात्र मांसाचे सूप किंवा डुकराची चरबी त्या सूचीत येतच नाही, ही माझी खरी अडचण आहे.

ब्रेत्सेलच्या (गाठीच्या आकाराच्या जर्मन पावाच्या) पिठात चरबी आहे का, हे वाढणाऱ्यांना नेमक्या कोणत्या जर्मन शब्दांत विचारावे? आधी दूरध्वनी करून साधे उकडलेले बटाटे आणि लोणी वेगळे मागितले, तर चालते का? मुलासाठी घरचा डबा नेल्यास यजमानांचा अवमान होईल का? अनुभवी मंडळींनी कृपया शनिवारपर्यंत सांगावे.