लालबागचं काचघर: ज्येष्ठांना घेऊन जाताना

प्रश्न: नाशिकहून आई-बाबांना घेऊन जानेवारीत बंगळुरूला जातोय. लालबागच्या काचघरासाठी किती वेळ ठेवू? बाबांचे गुडघे दुखतात.

उत्तर १: मॅजेस्टिकहून (शहराचं मुख्य बसस्थानक) मेट्रोची ग्रीन लाइन पकडा, चौथं स्टेशन लालबाग. बाग २४० एकर. सगळी फिरवलीत तर बाबा वाटेतच बसकण मारतील! काचघर आणि तळं, दोन तास पुरे. खडकाची टेकडी गाळा, चढ आहे.

उत्तर २: २६ जानेवारीच्या सुमारास पुष्पप्रदर्शन असतं. काचघर आतून फुलांनी गच्च, पण गर्दी मरणाची. शनिवार-रविवार नकोच. सकाळी उघडताच शिरा. एरवी बहुधा बाहेरूनच बघावं लागतं.

उत्तर ३: बांधकाम १८८९चं, लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या काच-लोखंडाच्या प्रदर्शन-इमारतीच्या धर्तीवर. ओतीव लोखंडाचे खांब जवळून बघा. आतून फोटो भरदुपारी काढू नका, छत पांढरंफटक येतं आणि माणसं काळी.