मे महिन्याची सुट्टी, बुधवारचा ऑफ आणि हातात 2,000 रुपये

भांडुपची_शिवणवाली

नमस्कार मंडळी. मी भांडुप पश्चिमेला राहते, घरीच ब्लाउज शिवते. पोरांना सुट्टी लागते आणि नेमकी तेव्हाच आमची लगीनसराई. आत्ता मशीनशेजारी 23 ब्लाउज पडलेत, त्यातले 9 अस्तराचे, साड्यांचं फॉल-पिको वेगळंच. मुलगा 13 वर्षांचा, मुलगी 8 ची. एका मोबाईलवरून दिवसभर भांडतात आणि मी मशीनच्या आवाजावरून ओरडते. ह्यांची सिक्युरिटीत रात्रपाळी, सुट्टी फक्त बुधवारी.

दरवर्षी देवगडला सासरी जातो. यंदा घराची कौलं उतरवलीत, वासे बदलायचेत, तेव्हा सासूबाईंनीच सांगितलं की येऊ नका. वह्या, बूट, छत्र्या यांचे पैसे बाजूला काढले की सगळ्या सुट्टीसाठी 2,000 उरतात. गेल्या वर्षी एका वॉटर पार्कात गेलो होतो (नाव घेत नाही). गेटवर आमचा चपाती-भाजीचा डबा ठेवून घेतला आणि आत वडापाव 60 रुपयांना. ह्यांनी तो खाल्लाच नाही, म्हणाले मला भूक नाही. तसलं काही नको.

दोन बुधवार कसेही करून काढीन. कुठे जाऊ?

पेंग्विनवाला

राणीची बाग, दुसरा विचारच नको. आई-बाबा आणि दोन मुलं मिळून 100 रुपयांत आत. पेंग्विन, वाघ आणि सावली. घरचा डबा न्या, झाडाखाली बसून जेवा.

निवृत्त_कंडक्टर

अहो पेंग्विनवाले, बाईंनी बुधवार म्हटलंय. राणीची बाग बुधवारी बंद असते, शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारीच बंद. भायखळ्याला गेटवरून रडत परतणारी किती पोरं माझ्या बसमध्ये चढली असतील, मोजदाद नाही.

ताई, तुम्ही उरणला जा. येताना-जाताना एकच रस्ता नको, गोल फिरून या. भांडुपहून धीमी लोकल पकडून सँडहर्स्ट रोड, तिथे हार्बर लाइन बदलली की पुढचंच स्टेशन डॉकयार्ड रोड. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची, म्हणजे उरणच्या बंदराची, लाँच घ्या. पोरांना समुद्र, तुम्हाला वारा. मोऱ्याहून शेअर रिक्षा, उरण, पीरवाडीचा किनारा. खडक आहेत, पाण्यात गुडघ्यापर्यंतच. परतताना लाँच नको, जानेवारी 2024 पासून उरणहून लोकल सुटते. नेरूळला उतरायचं, ठाण्याची गाडी पकडायची, ठाण्याहून भांडुप. उरणच्या गाड्या मोजक्याच आहेत, वेळ आधी बघून ठेवा. मुलीचं हाफ तिकीट, मुलाचं फुल.

आता महत्त्वाचं. ओहोटीला मोऱ्याला गाळ उघडा पडतो, लाँच लागत नाही. कॅलेंडरवर तिथी बघा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा कोळ्यांचा ठोकताळा. चतुर्दशी असेल तर चौदाची पाऊणपट साडेदहा, म्हणजे सकाळी जायला उत्तम. पंचमीला भरती पावणेचारला, सकाळी सगळा चिखल. अष्टमी-नवमीचं तर नावच काढू नका, दुपारी लटकाल.

बसचं मी मुद्दाम काही बोलत नाही. 2019 मध्ये कमीत कमी भाडं 5 रुपये होतं, मे 2025 पासून 10. चौघांना दोन बस बदलायच्या म्हटलं की पूर्वीसारखं राहिलेलं नाही. स्वतःच्याच बेस्टबद्दल हे लिहिताना जिवावर येतं.

काजं_हुक_डोंबिवली

ताई, मीही शिवते म्हणून सांगते. जागा मिळेल, खरी अडचण गिऱ्हाइकाची आहे. बुधवारची डिलिव्हरी कुणालाच द्यायची नाही. मी गुरुवार सांगते आणि मंगळवारी रात्रीच हातावेगळं करते. दारावर पाटी लावा, 'बुधवारी मशीन बंद'. पहिल्या आठवड्यात दोघी-तिघी तोंड वाकडं करतील. माझ्याकडची एक कायमची गेली, पण तिचे 700 रुपये तसेही दिवाळीपासून थकलेले.

दुसऱ्या बुधवारी कान्हेरी. बोरिवलीचं नॅशनल पार्क सोमवारी बंद असतं, बुधवारी चालू. शंभरावर लेणी आहेत, सगळी बघायचा हट्ट धरू नका, मोठं चैत्यगृह आणि खडकात कोरलेली पाण्याची टाकी दाखवा. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचं तिकीट नाही. सकाळी लवकर जा, दुपारी कातळ तापतो. आणि खाऊची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, माकडं टपलेलीच असतात. माझ्या नणंदेची चकल्यांची पिशवी गेली, चकल्यांपेक्षा पिशवीचं दुःख तिला जास्त.

भांडुपची_शिवणवाली

काका, जाऊन आलो! त्रयोदशी होती. मुलाने स्वतः हिशेब केला, तेरा पाऊण पावणेदहा. मोबाईलवर भरतीची वेळ वेगळी दाखवत होती, अर्ध्या तासाचा फरक, म्हणून बापलेक लाँच सुटेपर्यंत वाद घालत बसले. लाँच लागली मात्र वेळेवर. रात्रपाळी करून आलेले हे लाँचमध्येच झोपले, तोंडावर उन्हाची तिरीप आली तरी हलले नाहीत. मी पहिल्यांदा नुसती बसून होते. बोटं सारखी पदराच्या काठाशी चाळा करत होती, टाका घालतेय असं वाटत होतं.

पीरवाडीला डबा खाल्ला, चपाती आणि सुकटीची चटणी. कुणी काढून घेतला नाही. परतताना उरणच्या गाडीत चौघांनाही खिडकी. खाण्यापिण्यासकट 700 च्या आत झालं. कान्हेरी पुढच्या बुधवारी.

डोंबिवलीकर ताई, पाटी लावली होती. तरी घरी आलो तेव्हा एक बाई जिन्यात बसलेल्या, माप द्यायला. उद्या या म्हटलं. म्हणाल्या, आलेच आहे तर घ्या ना. घेतलं शेवटी. काय करणार, लग्न रविवारी आहे त्यांच्या मुलीचं.

14 ब्लाउज बाकी आहेत. मुलगी हुक लावायला बसलीय, एका ब्लाउजला 5 रुपये ठरलेत.