मदत हवी आहे: हाडं ठिसूळ असताना मानेची मॅन्युअल थेरपी

आईचं वय ६१. मान दुखते, उजव्या हातात कळ जाते, अंगठा आणि तर्जनी बधिर होतात. एमआरआयमध्ये सी५-सी६ची (मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली) गादी सरकून नस दबलेली दिसते. हाताची ताकद शाबूत आहे, चालताना तोल जात नाही. ऑपरेशनची गरज नाही म्हणून ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी फिजिओथेरपीला पाठवलं.

शेक, आयएफटी (दुखणं कमी करायला दिलेला सौम्य विद्युतप्रवाह), ट्रॅक्शन (मानेला ताण देणं) आणि हनुवटी आत ओढायचा व्यायाम करून झाला. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण भाकऱ्या थापायला बसली की कळ पुन्हा खांद्यापासून अंगठ्यापर्यंत उतरते.

आता नवीन फिजिओथेरपिस्ट मोबिलायझेशन सुचवतात, म्हणजे मणके हाताने हळूहळू हलवायचे. त्याला माझी हरकत नाही. पण ‘गरज पडली तर’ मान फिरवून झटका देऊ असंही म्हणाले, आणि तिथे मी थांबले. आईचा डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) टी-स्कोअर उणे २.७ आहे, म्हणजे हाडं ठिसूळ आहेत; बीपीची गोळीही चालू आहे. अशा झटक्याने क्वचित का होईना, मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. हाडवैद्याकडे न्यायचं नाही, हे नक्की.

इथल्या फिजिओथेरपिस्टना आणि हा उपचार घेतलेल्यांना विचारते: लॅटरल ग्लाइड (मानेचा मणका हाताने हलकेच बाजूला सरकवणं) किंवा नर्व्ह ग्लाइड (हाताच्या हालचालींनी नस हलकेच सरकवणं) अशा सौम्य तंत्रांनी हातातली कळ कमी होते का? फरक दिसायला साधारण किती बैठका लागतात? आणि उपचार चालू असताना नेमकं काय झालं तर लगेच थांबवायचं?