बुडालेलं जहाज म्हणजे भंगार नव्हे

होटगीरोडवाला
काल इथंच एकानं लिहिलं: "समुद्रतळाची जुनी जहाजं म्हणजे भंगार. ट्रॉलरचं जाळं त्यावरनं गेलं तर काय बिघडलं? मच्छीमारानं पोट भरायचं की म्युझियम सांभाळायचं?" वीसेक जणांनी अंगठे दिले. मला राहवत नाही, म्हणून लिहितोय.

ट्रॉलर म्हणजे जाळं मागं ओढत नेणारी इंजिनाची बोट. तिचं जाळं पाण्यात तरंगत नाही. त्याचं तोंड उघडं ठेवायला दोन बाजूंना जड दारं असतात. ती आणि खालची साखळी तळ खरवडत जातात. जहाजाचं लाकूड शेकडो वर्षं टिकतं ते गाळाखाली पुरलेलं असतं म्हणून. दारानं गाळ उकरला की लाकूड उघडं पडतं आणि त्याला किडे लागतात. लोखंडी जहाजावर गंजाचं जे कवच बसलेलं असतं ते फुटलं की आतलं लोखंड नव्यानं सडायला लागतं.

तुर्कस्तानच्या एरेली गावासमोर काळ्या समुद्रात इसवीसनापूर्वी चौथ्या शतकातलं एक जहाज 2011 मध्ये सापडलं. त्यात माणसाची हाडंसुद्धा होती. 2012 मध्ये संशोधक परत गेले तर ट्रॉलरनं ती जागा विस्कटून टाकलेली. दोन हजारांवर वर्षं टिकलेलं एका वर्षात गेलं. याला भंगार म्हणायचं?

इंजिनवाला_अण्णा
ते लिहिणारा मीच. अजूनही तेच म्हणतो.

मूळचा अक्कलकोटचा, पण अकरा वर्षं रत्नागिरीत बोटींची इंजिनं दुरुस्त केली. तुम्ही गाळाचं लिहिलं, जाळ्याच्या किमतीचं का नाही लिहिलं? जाळं अडकलं की लाखभर रुपये गेले म्हणून समजा. वारा असेल तर अडकलेल्या जाळ्यानं बोट कलंडते. कुठलाच तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, जाणूनबुजून बुडालेल्या बोटीवर जाळं टाकत नाही. आमच्याकडं एक तांडेल होता, त्याच्या वहीत अशा अडचणीच्या जागा पेन्सिलनं लिहिलेल्या होत्या. जीपीएस आल्यावरही ती वही तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून उशाखाली ठेवायचा. 2025 च्या मे महिन्यात कोचीसमोर कंटेनरचं जहाज बुडालं, त्यानंतर मच्छीमारांची जाळी फाटली. ती कुणी भरून दिली?

आणि खरा चोर दुसराच आहे. 1942 मध्ये जावा समुद्रात बुडालेल्या डच युद्धनौका 2016 मध्ये शोधायला गेले तर जागेवर नुसते खळगे. त्या ट्रॉलरनं नेल्या का? भंगारवाल्यांनी नेल्या.

भीमाकाठ
समुद्राचं राहू द्या ओ. उजनीत काय चाललंय ते बघा. बारीक भोकांच्या जाळ्यांनी बोटाएवढी पिल्लं उपसतात. राहू, कटला दिसेनासा झाला, उरली ती चिलापी. त्यावर कुणी धागा काढत नाही.

शेळगीकर
आणि 117 टीएमसीचं धरण उशाला असून आमच्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, त्यावर तर कुणीच नाही. इथं काळ्या समुद्राची चर्चा करालेत.

भीमाकाठ
पाण्याचं सगळीकडं आणू नका. धरणात ज्यांची घरं गेली त्यांना विचारा. आमचं गाव करमाळा तालुक्यातलं. मी सहा वर्षांचा होतो. आज्जीनं निघताना चूल सारवली होती, उद्या परत यायचं असल्यासारखी.

शेळगीकर
तुमची जमीन गेली, मोबदला मिळाला. आम्ही पाणीपट्टी भरतो ती फुकट.

भीमाकाठ
मोबदला? वडील दहा वर्षं कागद घेऊन हिंडले, दिलेल्या जमिनीत कुसळ उगवत नव्हतं. तोंड सांभाळून बोल बे.

होटगीरोडवाला
दोघंही थांबा. भीमाकाठ, तुमच्या गावाचं पुढं काय झालं ते सांगा. माझ्या मुद्द्याला ते लागू आहे.

भीमाकाठ
काय होणार. उन्हाळ्यात पाणी हटलं की पळसदेवचं देऊळ बघायला गाड्या येतात, आमचं गाव बघायला कोण येणार? आम्हीच जातो. दोन उन्हाळ्यांपूर्वी गेलो तर आमच्या चौकटीची गणेशपट्टी जागेवर नव्हती. एका भोयाच्या जाळ्यात अडकून वर आली होती. त्यानं काठावर ठेवली होती, वर ओल्या सुतळीचा गुंता तसाच. गणपतीची सोंड तुटलेली. तो म्हणाला, मालक, मुद्दाम नाही. मला माहीत होतं, मुद्दाम नाही. तरी मी तिथं बसून रडलो.

इंजिनवाला_अण्णा
हे वाईट झालं भाऊ. पण भोयाचा दोष नाही हे तुम्हीच म्हणालात.

होटगीरोडवाला
मीसुद्धा दोष मच्छीमाराला देत नाहीये अण्णा. मुद्दाम नसलं तरी सोंड तुटली, एवढंच म्हणतोय. आणि समुद्रात तर माणसं आहेत. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. अशा बोटीला भंगार म्हणताना जीभ अडखळायला हवी.

जुना_वाचक
एक दुरुस्ती. ट्रॉलरच्या नावानं ओरडणारे सगळेच साधू नसतात. 1744 मध्ये बुडालेलं इंग्रजांचं 'व्हिक्टरी' 2008 मध्ये सापडलं. 'ट्रॉलर नासधूस करतायत, लवकर वर काढा' असं सांगणारी ओडिसी कंपनी स्वतःच बुडालेली जहाजं उपसण्याच्या धंद्यातली. अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतले होते.

होटगीरोडवाला
हे मान्य करावं लागेल. त्या उदाहरणावर मी भर देणार नाही. एरेलीचं मात्र सोडत नाही, तिथं दोन वर्षांच्या छायाचित्रांची तुलना झालेली आहे.

इंजिनवाला_अण्णा
एरेलीचं रात्री वाचलं. हाडांचं पटलं. 'भंगार' हा शब्द मागं घेतो, पोटाचा प्रश्न मागं घेत नाही. डेहराडूनहून नौदलाचे नकाशे निघतात, त्यात बुडालेल्या बोटींच्या खुणा असतात, पण लाकडी, जुन्या, गाळातल्या बोटी त्यात कुठल्या? त्या तांडेलांच्या वह्यांत आहेत. त्या जागा टाळल्या तर जाळंही वाचेल आणि तुमचं जहाजही. दिवाळीनंतर रत्नागिरीला जाणार आहे. त्या तांडेलाच्या मुलाकडं वही असेल तर फोटो काढून इथं टाकू का?

होटगीरोडवाला
इथं टाकू नका अण्णा. जावातल्या खळग्यांचं तुम्हीच सांगितलंत. गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेत पाण्याखालचं पुरातत्त्व बघणारे लोक आहेत, गोव्याजवळच्या सुंची रीफ या खडकावरच्या बुडालेल्या जहाजाचं काम त्यांनीच केलं. वही त्यांना दाखवू. मी येतो बरोबर.

भीमाकाठ
गणेशपट्टी घरी आणलीय. देव्हाऱ्याशेजारी ठेवलीय.