प्रतिसाद: ध्रुवीय रात्र म्हणजे काळोख नव्हे

उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशांत हिवाळ्यात काही काळ सूर्य उगवतच नाही, तीच ध्रुवीय रात्र. पण 'तिकडे हिवाळ्यात दोन महिने मिट्ट काळोख' असं जे म्हटलं जातं, ते जागेवर अवलंबून आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगइयरब्येन गावात (७८° उत्तर अक्षांश) ते जवळपास खरं, कारण डिसेंबरअखेरीस तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजाखाली ११-१२ अंश असतो. नॉर्वेतल्याच ट्रोम्सोत (साधारण ६९.६°) मात्र तो जेमतेम ३ अंश खाली! म्हणजे सूर्य दिसत नाही, पण दुपारी काही तास उजेड असतो, आणि काय उजेड असतो!

आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे संधिप्रकाश अर्ध्या तासाच्या आतच आटोपतो. तिकडे तो क्षितिजाला समांतर सरकत राहतो. दक्षिणेला केशरी पट्टा, आणि आकाश निरभ्र असेल तर उत्तरेला पृथ्वीची निळसर-राखाडी सावली, तिच्यावर गुलाबी झाक. तीही भर दुपारी. मला विचाराल तर उत्तरेकडची बाजूच जास्त देखणी, पण बहुतेक पर्यटक केशरी बाजूकडे तोंड करून उभे!

त्या गडद निळाईचं श्रेय बरंचसं ओझोनला जातं. तिरप्या किरणांना ओझोनच्या थरातून लांबचा पल्ला गाठावा लागतो आणि वाटेत पिवळा-नारिंगी भाग शोषला जातो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड हल्बर्ट यांनी हे १९५३ मध्ये दाखवलं. खाली बर्फ असल्यामुळे तीच निळाई जमिनीवरही पसरते.

फोटो काढणार असाल तर व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याचं रंग जुळवणारं सेटिंग) 'ऑटो'वर ठेवू नका, फोन निळा रंग 'दुरुस्त' करून टाकतो.