तानपुऱ्याचा खर्जच ऐकू येत नाही, बड्स बदलू का कान?

खर्जाचा_शोध, सांगली

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

मी विश्रामबागला राहतो, मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेबाला असतो आणि दर रविवारी मिरजेला गाणं शिकायला जातो. चाळिशीत सुरू केलंय त्यामुळं गळा आधीच कुरकुरतोय, त्यात आता कानाचं नवीन दुखणं. पहाटे साडेपाचला गच्चीवर रियाज करतो, तानपुरा मोबाईलच्या ॲपवर लावून. मोबाईलच्या स्पीकरवर तानपुरा म्हणजे पत्र्याचा डबा वाजल्यासारखा वाटतो म्हणून दिवाळीत अडीच हजाराचे बिनवायरचे बड्स घेतले. बॉक्सवर लिहिलंय १३ एमएम ड्रायव्हर, डीप बेस, नॉइज कॅन्सलेशन, काय काय.

आता हाल ऐका. माझी पट्टी काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा माझा सा. ॲपमध्ये पंचम आणि जोड (मधल्या सा च्या दोन तारा) व्यवस्थित ऐकू येतात पण चौथी तार, खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची, ती लागली का नाही तेच कळत नाही, नुस्ती वरची भुणभुण. आणि डावा बड आकार (आऽऽ असा सूर) लावायला तोंड उघडलं की सैल होतो, मागच्या आठवड्यात तर गच्चीवरून खाली शेजारच्या काकूंच्या तुळशीत जाऊन पडला. उजवा मात्र जागचा हलत नाही. मिरजेला सिटी बसनं जाताना नॉइज कॅन्सलेशन चालू करतो तर बसची घरघर तेवढीच, काय फरक म्हणून नाही.

मित्र म्हणतोय एलडॅकवाला (ब्लूटूथवरून जास्त डेटा पाठवणारा) पाच सहा हजाराचा सेट घे, या रेंजमध्ये असंच असतंय. घेऊ का? का माझ्या कानातच काहीतरी खोट आहे?

ऑडिओखुळा, सातारा

दादा, पाच हजार घालवायच्या आधी पाच मिनिटं द्या. आत्ता, हे वाचता वाचताच करा. तानपुरा लावा, दोन्ही बड्स घाला आणि डावा बड बोटानं हलकाच आत दाबून धरा. खर्ज एकदम भरून आला तर बड चांगला आहे, तुमच्या कानात आणि बडच्या टोकाच्या रबरात फट आहे, विषय संपला.

कारण सांगतो. एवढासा ड्रायव्हर, म्हणजे बडमधला बारका स्पीकर, मोठ्या स्पीकरसारखी खोलीतली हवा हलवू शकत नाही, त्याला फक्त तुमच्या कानाच्या नळीतली बंद हवा दाबायची असते. ती बंद असली की बेस येतो. सुईएवढी फट राहिली तरी खालचे स्वर तिथून गळतात, वरच्या स्वरांना काही होत नाही म्हणून आवाज ‘चालू’ वाटतो पण पोकळ. काळी एकचा सा साधारण १३९ हर्ट्झ, तुमचा खर्ज त्याच्या निम्म्यावर म्हणजे ६९ च्या आसपास, पंचम १०४. फट पडली की पहिला बळी खर्जाचाच जाणार. आता तुमच्या कानात भुणभुणच का राहिली कळलं का?

नॉइज कॅन्सलेशनचं पण तेच. ते काम करतं मुख्यतः खालच्या, एकसुरी घरघरीवर, इंजिन, पंखा, एसी असल्या. बाहेरची घरघर फटीतून सरळ आत येत असेल तर ते बिचारं एकटं कुठं कुठं पुरं पडणार. माणसांची बडबड, कंडक्टरची शिट्टी, हॉर्न हे तसंही त्याच्यानं फारसं जात नाही, ते रबरानंच अडतं.

बॉक्समध्ये रबरांच्या अजून दोन जोड्या आल्या असतील, लहान आणि मोठी. नव्वद टक्के लोक ती पिशवी उघडत पण नाहीत (हा आकडा माझ्या मित्रमंडळींवरनं काढलाय, हसू नका). दोन्ही कानांना एकच साइज लागते असा काही कायदा नाही, माझ्या उजव्याला मधली आणि डाव्याला मोठी आहे. आणि घालायची पद्धत पण बघा, दुसऱ्या हातानं कानाची वरची पाळी वर आणि मागं ओढायची, बड आत सरकवायचा, मग थोडा फिरवून बसवायचा. नुस्ता ढकलला की अर्धाच जातो.

एलडॅक विसरा. ते फक्त मोबाईलवरून बडपर्यंत डेटा किती जातो त्याचं काम, ९९० केबीपीएसनं गाणं आलं आणि कानाच्या तोंडाशी गळालं तर उपयोग काय. टाकीत पाणी भरपूर आणि नळाला वायसर नाही असली गत. शिवाय तुमचा फोन आयफोन असेल तर तो एलडॅक देतच नाही, एएसी नावाच्या दुसऱ्या पद्धतीवर चालतो.

भडंग_वाला

माझा वेगळाच प्रश्न आहे. तानपुरा कानात आणि गाणं मोठ्यानं, मग शेजारच्या काकूंना पहाटे साडेपाचला फक्त तुमचा सा ऐकू येतो, तानपुरा नाही. म्हणजे कोण सुरात आहे ते त्यांना कळायला मार्ग नाही. बड तुळशीत पडला नसेल, काकूंनी गोफण मारली असेल.

खर्जाचा_शोध, सांगली

@भडंग_वाला काकूंनी बड परत दिला तेव्हा ‘औषध पडलं होतं का’ असं विचारलं, त्यामुळं शक्यता नाकारता येत नाही.

@ऑडिओखुळा दाबून बघितलं. अहो काय सांगू, दाबल्याबरोबर खर्ज असा आला की मी दचकून मागं बघितलं. बोट काढलं की गेला. उजव्या बाजूला पण दाबल्यावर थोडा फरक पडतोय पण कमी. म्हणजे फटच आहे. पिशवीतली मोठी रबरं डावीकडं लावली, बेस आला, पण वीस मिनिटांत कान ठणकायला लागला. आणि तोंड उघडून आकार लावला की परत गेलाच. मग आता?

सतारमेकर_गल्ली, मिरज

सातारकरांनी सांगितलं ते बरोबर आहे पण एक गोष्ट राहिली. आमच्या घरात तीन पिढ्या तानपुरे होतात म्हणून बोलतोय, मोबाईलमधलं मला फार कळत नाही.

तुम्ही म्हणताय खर्ज ऐकू येत नाही. पण नीट विचार करा, पूर्ण गायब झाला का? तसं होत नसतंय. खर्जाच्या तारेतनं एकटा खालचा सा निघत नाही, त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे वरचे स्वर निघतात आणि जवारी (तार घोडीवर टेकते तिथली खास बसवणूक) लावतो ती त्यासाठीच, की हे वरचे स्वर उघडून यावेत. खालचा मूळ स्वर कानापर्यंत पोचला नाही तरी वरच्यांच्या अंतरावरनं डोकं तो स्वतःच भरून घेतं. म्हणून तर मोबाईलच्या टीचभर स्पीकरवर पण आपल्याला खर्जाची तार कुठली ते ओळखू येतं. तुम्हाला सूर कळतोय, वजन कळत नाहीये. खर्जाचं वजन म्हणजे भोपळा, तानपुऱ्याचा खालचा पोकळ गोल भाग. तुमच्या कानात भोपळाच नाही असं समजा.

आता गंमत बघा, भोपळ्याला चीर गेली तर आम्ही काय म्हणतो, तानपुरा ‘पोकळ बोलतोय’ म्हणतो. तार तीच, जवारी तीच, पण हवा नीट कोंडली जात नाही. चीर बुजवल्याशिवाय नवीन तारा घालणारा कारागीर आमच्या गल्लीत टिकायचा नाही. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय टॅग (त्या गावच्या खास मालाची सरकारी ओळख) मिळाला तेव्हापासून लोक लांबून विचारायला येतात, त्यातले निम्मे ॲपवर ऐकून आलेले असतात आणि खरा तानपुरा मांडीवर घेतला की पहिल्यांदा काय म्हणतात माहित्ये? अंगाला कंप जाणवतोय म्हणतात. तो कंप तुमच्या बडमध्ये पाच हजारात पण येणार नाही आणि पन्नास हजारात पण नाही. रविवारी मिरजेला येताच आहात, या एकदा, नुसता मांडीवर घेऊन बसा. विकत घ्या म्हणत नाही.

यमनवेडी, तासगाव

दादा तुमचं तोंड उघडल्यावर बड सुटतोय त्यात तुमचा दोष नाही. कानाच्या नळीच्या पुढंच जबड्याचा सांधा आहे, आपण आ केला की नळीचा आकार बदलतो आणि रबराची पकड सुटते. बड बनवणारे माणूस गाणं ऐकेल असं धरतात, गाईल असं नाही. आरशासमोर फक्त बोट-दोन बोट आ करून बघा, कुठल्या रबरात खर्ज टिकतो ते. गप्प बसून साइज ठरवली की रियाजात फसतेच.

मी काय केलं सांगते. मी फोमची रबरं घेतली, स्पंजासारखी असतात, बोटात चिमटून बारीक करायची, कानात घालायची आणि वीस-तीस सेकंद धरून ठेवायची, मग ती फुगून नळीचा आकार घेतात. सिलिकॉनपेक्षा जबड्याबरोबर बरी हलतात आणि ठणकत पण नाही. तोटा म्हणजे घामानं आणि मळानं काही महिन्यांत बाद होतात, धुता येत नाहीत नीट. आणि घ्यायच्या आधी बडची नळी गोल आहे का लांबट ते बघा, लांबट नळीला सगळी रबरं बसत नाहीत, मी एक पाकीट तसंच वाया घालवलं.

पण खरा मुद्दा वेगळा आहे. तुम्ही गाताना दोन्ही कान बंद करणार आहात का?? मी महिनाभर तसं केलं आणि सरांनी विचारलं की तुझा आवाज अचानक दबका का झाला. दोन्ही कान गच्च बंद केले की स्वतःचा आवाज हाडातनं डोक्यात घुमतो, घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा, आणि आपल्याला वाटतं आपण मोठ्यानं गातोय म्हणून आपण आपोआप दाबतो. चालताना पावलं पण धपधप ऐकू येतात बघा, तेच ते. मी आता गाताना एकच बड घालते, दुसरा कान मोकळा. मोबाईलच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ म्हणून असतं ते चालू करायचं म्हणजे डाव्या-उजव्याचं सगळं एका कानात येतं. ट्रान्सपरन्सी मोड पण असतो काही बड्सना, बाहेरचं ऐकू देणारा, पण माझ्यावाल्यात त्यात स्वतःचा आवाज पत्र्यासारखा येतो.

आणि ऑनलाइन क्लास असेल तर बडचा माइक वापरू नका. माइक चालू झाला की ब्लूटूथ कॉलच्या मोडमध्ये जातं, मग स्टिरिओ जातो, वरचे स्वर कापले जातात, सरांचा तानपुरा म्हणजे डास. वर कॉलचं ॲप तानपुऱ्याला आवाजाची कटकट समजून पुसून टाकतं ते वेगळंच. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ असतं ते लावायचं आणि माइक फोनचाच ठेवायचा.

रांगडा_गडी

एवढं सगळं कशाला, पाचशेचा वायरवाला इअरफोन घ्या, चार्जिंग नको, तुळशीत पडायचं नाही, पडला तरी वायर आहे ओढून घ्यायची. बाकी चालू दे.

ऑडिओखुळा, सातारा

@रांगडा_गडी वायरवाल्याला पण रबरच असतं राव, फट तिथं पण तीच. पण तुळशीचा मुद्दा मान्य.

@यमनवेडी ताई जबड्याचं मला सुचलंच नव्हतं, मी गात नाही, यवतेश्वरच्या घाटात पळतो फक्त. तिथं मात्र मी दोन्ही बड कधीच घालत नाही, मागनं येणारी गाडी ऐकू यायला पाहिजे, दादा तुम्ही पण बसमधनं उतरलात की काढत जा. आणि आवाज बेताचा ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा. फट असलेले लोक बेस येत नाही म्हणून आवाज वाढवत जातात, खर्ज काय येत नाही आणि वरचे स्वर कान सोलून काढतात.

अजून दोन बारक्या गोष्टी तपासा. डावा उजव्यापेक्षा एकूणच बारीक वाजत असेल, फक्त बेस नाही तर सगळंच, तर जाळीत मळ बसलाय का बघा, कोरड्या मऊ ब्रशनं जाळी खाली धरून झटका, सुई घालू नका. आणि मोबाईलच्या ॲक्सेसिबिलिटीत डावा-उजवा बॅलन्सची पट्टी असते ती मध्यावर आहे का, आमच्या पप्पांची एकदा सरकली होती आणि ते दोन महिने कानाच्या डॉक्टरकडं जायचं म्हणत होते.

खर्जाचा_शोध, सांगली

मंडळी, दहा दिवसांनी लिहितोय. बॅलन्सची पट्टी मध्यावरच होती. जाळीत मात्र हळद निघाली! पिवळी धमक. यार्डात दिवसभर तेच उडतं, खिशात डबी, डबीत बड, काय होणार. ब्रशनं काढली तर डावा निम्म्यानं सुधारला.

मग फोमची घेतली, नळी गोल होती नशिबानं. डावीकडं मोठं फोम, उजवीकडं कंपनीचंच मधलं सिलिकॉन. आ करून आरशासमोर उभा होतो तर बायकोनं विचारलं दाताला काय झालं. बसमध्ये आता घरघर निम्मी झालीय, पहिल्यांदा कळलं की हे बटण काहीतरी करतं. गाताना फक्त डावा घालतो, मोनो चालू करून, उजवा कान उघडा. पहिले दोन दिवस स्वतःचा आवाज उघड्या कानानं ऐकून लाज वाटली, तीन महिने मी सा जरा उतरूनच लावत होतो असं दिसतंय. सरांना सांगितलं नाही अजून.

मिरजेला सतारमेकर गल्लीत पण जाऊन आलो. तानपुरा मांडीवर घेतला. त्याबद्दल इथं लिहीत नाही, घरी बजेटचा विषय चालू आहे.

एकच अडचण राहिलीय, फोम लांब असल्यामुळं डबीचं झाकण डाव्या बाजूला पूर्ण लागत नाही, मग तो बड चार्जच होत नाही. सध्या डबीला रबर बँड लावून ठेवतोय.

यमनवेडी, तासगाव

माझं पण तसंच झालेलं. फोम डबीत ठेवायच्या आधी चिमटून बारीक करा आणि लगेच झाकण लावा, फुगायच्या आत. आणि ते डावीकडचं मोठं सिलिकॉन तुम्हाला नको असेल तर मला द्या, माझं एक एसटीत पडलंय.